दगडफुलाची रेघ

अमेरिकेत आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींत माझ्या नवऱ्याला कोणी 'तुम्ही काय करता' असं विचारत नाही. सॉफ्टवेअरशिवाय दुसरं काय असणार? मला मात्र विचारतात, आणि मी 'नकाशे काढते' म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. एका दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका काकूंनी माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढत हळूच विचारलं होतं, "अगं, पण आता ते सगळं फोनमध्येच असतं ना?" फोनमध्ये ते आधी कोणीतरी घालावं लागतं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण करंजी सांत्वनाचीच होती.

मला सांत्वनाची गरज नाही. मी माझ्या कामात चांगली आहे. हे मी कोणी विचारलं तर सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते.

आमची कंपनी म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या एका छोट्या गावात दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आम्ही कॅस्केड पर्वतातल्या अशा भागांचे नकाशे करतो, जिथे रस्ता नाही, फोनला रेंज नाही आणि पाटी दिसली तर माणसाला देव भेटल्यासारखं वाटतं. घडीचे, पाण्याने न भिजणारे कागदी नकाशे. लोक ते पाठीवरच्या पिशवीत घेऊन चार-चार दिवस चालतात. मी मूळची भोरची. सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढच्या शिक्षणासाठी इथे आले आणि या धंद्यात अडकले ती अडकलेच. डोंगर मात्र माझ्या डोक्यात अजून मराठीतच असतो. समोर सोंड दिसते, नाळ दिसते, खिंड दिसते. इंग्रजी नाव मागून येतं, ऑफिसात जाऊन टाइप करताना.

आमच्याकडे एक रिवाज आहे. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचा, आणि कुठेही लिहून ठेवलेला नाही. नकाशावरची तुटक रेघ, म्हणजे जिथे बांधलेली पायवाट नाही पण माणूस जाऊ शकतो अशी वाट, ज्याने चालून बघितली त्यानेच काढायची. आणि ती पुसायची झाली तर एक तर त्यानेच पुसायची, नाहीतर दुसऱ्या कोणी त्या जागी जाऊन, उभं राहून, मग पुसायची. खुर्चीत बसून काढायची नाही आणि खुर्चीत बसून पुसायचीही नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला हा वेडेपणा वाटतो. मलाही वाटला होता. आता मी तो इतरांना शिकवते.

या रिवाजाचे धनी म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एक. आता कंपनी त्यांची राहिलेली नाही, गुडघेही त्यांचे राहिलेले नाहीत. दोन्ही बदलून झालेत, असं ते स्वतःच सांगतात. पण दर गुरुवारी डोनटचं खोकं घेऊन जिना चढून येतात, खिशातून भिंग काढतात आणि आमच्या नव्या नकाशांतल्या चुका काढत बसतात. माझ्याशी त्यांचं विशेष जमतं, म्हणजे विशेष भांडण होतं. समोर मी त्यांना इथल्या पद्धतीने नावाने हाक मारते, मनात मात्र पहिल्या दिवसापासून काका म्हणते. आमच्या नकाशांवरच्या तुटक रेघांतल्या निम्म्याहून जास्त काकांच्या पायाच्या आहेत.

शनिवारी त्यांचा आणखी एक कार्यक्रम असे. गावातल्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात नकाशांचं एक फिरतं स्टँड आहे. काका त्याच्या शेजारी उभे राहायचे. कोणी नकाशा हातात घेतला की विचारायचे, कुठे चाललात? मग त्याला ओढा कुठे ओलांडावा, तंबू कुठे ठोकू नये, सगळं सांगायचे. दुकानवाले त्यांना पगार देत नव्हते आणि हाकलतही नव्हते.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी दोन तरुण ट्रेकर आमच्याच नकाशावरच्या एका तुटक रेघेवर अडकले. रेघ एका उंच खिंडीतून खाली उतरून एका हिमनदीवर जात होती. दोघे खिंडीतून उतरले, एका अरुंद कपारीवर आले आणि बघतात तर पुढे काहीच नाही. खाली सरळ तुटलेला कातळ आणि मागे ओला, निसरडा चढ. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. त्यांच्याजवळच्या सॅटेलाइट यंत्रावरून मदतीचा निरोप गेला, हेलिकॉप्टर आलं, दोघे सुखरूप सुटले. त्यांनी घरी जाऊन फोटोसकट सगळं इंटरनेटवर लिहिलं, आणि ते बरोबरच केलं. पण खालच्या प्रतिक्रिया वाचून माझं डोकं फिरलं. ज्याने ही रेघ काढली तो तिथे जन्मात गेलेला नाही, असं एकाने लिहिलं. खुर्चीत बसून पेन्सिल फिरवली आहे, असं दुसऱ्याने. मग काय, जे कधी टेकडीसुद्धा चढले नसतील तेही हात धुवून मागे लागले.

ती रेघ काकांची होती.

मी लगेच नवीन मोजणी उघडली. आता विमानातून जमिनीवर लेझरचे किरण सोडतात आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून उंची काढतात. झाडं-झुडपं बाजूला सारून खालचा उघडा डोंगर पडद्यावर येतो. त्यावरून कंटूर काढायचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. रेघा दाट झाल्या की चढ उभा, एकमेकींवर बसल्या की कडा. इथे त्या एकमेकींवर बसलेल्या होत्या. कपारीच्या खाली तीन मजली इमारतीएवढा कडा, आणि पाठीवर सामान असलेला माणूस तिथून उतरेल ही गोष्टच सोडा.

जुन्या नकाशावर त्याच जागी कडा नव्हता. पण जुन्या नकाशावर माझा भरवसा नव्हता. तो पूर्वी विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलेला, आणि बर्फावर त्या फोटोंची मात्रा चालत नाही. पांढऱ्यावर पांढरं, उंची कळायची कशी? त्या काळचे लोक अशा जागी अंदाजाने रेघ ओढून पुढे जायचे. त्यामुळे पूर्वी तिथे बर्फ वरपर्यंत होता की नव्हता, हे जुना नकाशा सांगू शकत नव्हता. मला वाटत होतं की होता. पण वाटणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं.

आमची मालकीण माझ्याच वयाची, सरळ बाई आहे. फक्त छपाईची तारीख जवळ आली की तिला कोणाचं काही ऐकू येत नाही. तिने सांगितलं, रेघ काढून टाक, नवी आवृत्ती छाप, विषय संपला. रेघ जाणार यात वाद नव्हताच. उद्या तिथून कोणी पडलं तर आमच्याकडे बोलायला तोंड राहिलं नसतं. वाद होता तो रेघ कशी जाणार याचा. आम्ही ती गुपचूप पुसली असती तर इंटरनेटवरच्या सगळ्या तोंडाळांच्या म्हणण्याखाली आम्हीच सही केली असती. म्हातारा खोटं बोलला, असं आमच्या नकाशानेच सांगितलं असतं. आणि आमच्या धंद्यात माणसाच्या नावाला यापेक्षा मोठा बट्टा नाही.

त्या गुरुवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले ते रिकाम्या हाताने. भिंगही काढलं नाही. दुकानात गेला होतात का, असं मी विचारलं, तर म्हणाले, आता तिकडे काय काम आहे. मला आडून बोलता येत नाही. मी पडदा त्यांच्याकडे वळवला, कडा दाखवला आणि तुम्ही इथून कसे गेलात ते विचारलं. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. मला ते आठवतं मात्र मराठीत.

"बर्फावरून पाय उचलला आणि कातळावर ठेवला," काका म्हणाले. "जिन्याची पायरी चढतो तसा. यात सांगण्यासारखं काय आहे?"

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुलाही वाटतं का मी गेलो नव्हतो?"

"मला काय वाटतं याने काही होत नाही," मी म्हटलं. "मी जाऊन बघून येते."

मालकिणीने कपाळाला हात लावला, पण रिवाज तिलाही माहीत होता. त्या आठवड्यात छपाई थांबली.

अशा जागी एकटीने जाणं शहाणपणाचं नसतं, म्हणून नवऱ्याला बरोबर घेतलं. माझा नवरा नागपूरचा, स्वभावाने गोड, आणि दिशेच्या बाबतीत आनंदी आनंद. मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी शोधायला त्याला फोन लागतो. पण चालायला दणकट आहे आणि कुरकुर करतो ती मजेशीर करतो. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली. त्या जंगलात खाणं एका जाड प्लॅस्टिकच्या डब्यात न्यावं लागतं, अस्वलाला उघडता येऊ नये असा. पहिल्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी बसून नवरा त्या डब्याशी झटत होता.

"यार, हा डबा मला अस्वलच समजतोय," तो म्हणाला. "तूच ओपन कर."

मी उघडला. त्यानंतर परत येईपर्यंत डबा माझ्या ताब्यात आणि त्याची कुरकुर माझ्या कानात.

एक दिवस जंगलातून, मग दुसऱ्या दिवशी सकाळी गवताळ उतारावरून आणि मग घसाऱ्यावरून, म्हणजे पाय ठेवला की दगड खाली आणि आपणही खाली. वर पोचलो तेव्हा समोर डोंगराच्या कुशीत एक खोल वाडगा होता. नकाशावर तो हिमनदीने भरलेला आहे. प्रत्यक्षात हिमनदी वाडग्याच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, मळकट गोधडी टाकल्यासारखी पडली होती. बाकी सगळे दगड. आणि समोर तो कडा. लेझरने बरोबर मोजला होता. मी पायथ्याशी जाऊन हात लावला. कातळ स्वच्छ, फिकट, आणि त्यावर आडवे ओरखडे. बर्फ सरकताना पोटातल्या दगडांनी कातळ असाच घासत जातो. म्हणजे बर्फ इथे होता. पण किती वर होता?

नवरा म्हणाला, आधी खाऊन घेऊ, कडा काही पळून जात नाही. आम्ही दगडावर बसलो. दशमीचा घास तोंडात होता आणि मी वर बघत होते, तेव्हा मला ती दिसली. संबंध भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक आडवी रेघ. रेघेच्या वरचा कातळ काळपट, ठिपक्याठिपक्यांचा. खालचा कातळ धुतल्यासारखा. पाण्याची टाकी अर्धी झाली की आत भिंतीवर जशी रेघ राहते, तशी.

मी घास तसाच ठेवून उठले. डाव्या बाजूला भिंत जरा कललेली होती, तिथे हातापायांवर चढून ती रेघ जवळून बघता येत होती. नवरा खालून ओरडत होता की हे प्लॅनमध्ये नव्हतं. मी वर पोचले आणि हाताने चाचपून बघितलं. रेघेखाली नुसता कातळ. रेघेच्या वर कातळाला घट्ट चिकटलेली, काळी, हिरवट, शेंदरी पुटकुळ्यांची खरखर. दगडफूल. गोड्या मसाल्यातलं नव्हे, त्याचं इथलं चिवट, कातळाला पापडीसारखं चिकटणारं भावंड. पण दगडफूलच. ते फार सावकाश वाढतं, माणसाच्या आयुष्याच्या हिशेबाने, आणि जिथे बर्फ बसलेला असतो तिथे ते येतच नाही. बर्फ जिथवर होता तिथवर कातळ उघडा, आणि त्याच्या वर दगडफूल. इतकी वर्षं मी कंटूर काढतेय. हा कंटूर बर्फाने काढून ठेवला होता.

खाली येऊन मी दुर्बीण लावली आणि ती रेघ डावीकडून उजवीकडे धरत गेले. ती सरळ कपारीला जाऊन भिडत होती. कपारीच्या बरोबर कडेला, जिथे आता खाली नुसता कडा आहे, तिथे चार-पाच दगड एकावर एक रचलेले होते. वाट दाखवायला रचतात तसे. ते त्या दोन अडकलेल्या ट्रेकरांचे असतील, अशी शंका मालकीण घेणार हे मला तिथेच कळलं होतं, म्हणून मी दुर्बिणीतून नीट बघितलं. खालच्या दगडावरून वरच्या दगडावर, मधली फट भरून, दगडफूल पसरलेलं होतं. एका वर्षातसुद्धा हे होत नाही, मग काही आठवड्यांत कुठून? ते दगड कोणीतरी फार पूर्वी रचले होते, आणि अशा ठिकाणी, जिथे माणूस बर्फावरून पाय उचलून सहज चढेल.

जिन्याची पायरी चढतो तसा.

मी होते तिथेच उभी राहिले. काकांनी जिथून पाय उचलला होता ती जागा माझ्या डोक्यावर तीन मजले वर, हवेत होती. ते चालले होते ती जमीनच राहिली नव्हती. माणूस खरा होता, रेघ खरी होती, डोंगर मात्र त्यांच्या पायाखालून निघून गेला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून लोक त्यांना खोटं ठरवत होते. मी डोंगरात सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले, चांगली हुंदके देऊन. नवरा जवळ आला. पाण्याची बाटली पुढे केली आणि मग म्हणाला, "फोटो काढ ना. भरपूर काढ. झूम करून काढ." त्याचं हे एकच वाक्य त्या प्रवासात कामाचं होतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

गुरुवारी काका येतील की नाही, याचा भरवसा नव्हता. मी फोन करून बोलावून घेतलं. फोटो पडद्यावर लावले: आधी भिंत, मग रेघ, मग कपार, मग दगड. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीला हे किती अवघड जातं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. काकांनी खिशातून भिंग काढलं, पडद्याला भिंग लावायची गरज नसते तरी लावलं.

"अजून आहेत?" ते म्हणाले. दगडांबद्दल.

मी म्हटलं, आहेत, एकही पडलेला नाही.

"आणि बर्फ?"

मी दुसरा फोटो दाखवला. त्या मळकट गोधडीकडे ते खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. झालाही असेल, पण चेहऱ्यावर दुसरंच होतं. आपण खरे होतो हे कळायला आपला ओळखीचा डोंगर नाहीसा व्हावा लागला, असं काहीतरी. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही, कारण तेवढ्यात ते नेहमीसारखे खेकसले की रेघ अजून नकाशावर कशी, कोणी पडायची वाट बघताय का?

मी माउस त्यांच्यापुढे सरकवला. रेघ त्यांची होती. कुठे क्लिक करायचं ते दाखवलं. त्यांनी रेघ निवडली, एकदा खिंडीपासून हिमनदीपर्यंत नजर फिरवली आणि पुसली.

मग माझं आणि मालकिणीचं वाजलं. मला त्या जागी एक ओळ छापायची होती. 'इथे पूर्वी बर्फावरून वाट होती. बर्फ खाली गेला. आता कडा आहे.' तिचं म्हणणं, नकाशात काय आहे ते सांगायचं, काय होतं ते नाही, आणि त्या कोपऱ्यात जागाही नाही. मी म्हटलं, जुने नकाशे लोकांच्या घरोघरी आहेत, आणि त्यावर ती रेघ आहे. नव्यावर ती नुसतीच गायब दिसली तर लोक म्हणतील, नव्यात राहून गेली असेल, जुन्यात आहे ना, चला. का गेली हे सांगितलं तरच कोणी ऐकेल. तिने एका तळ्याचं नाव जरा बाजूला सरकवून जागा करून दिली. तिला पटलं होतं, आणि मला खात्री होती की पटणारच.

छपाईचा पहिला कागद आला तो गुरुवारीच. काकांनी तो टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवले आणि भिंग घेऊन वाकले. आधी उत्तरेकडच्या ओढ्यात एक चूक काढली. ती चूक नव्हती, पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. मग भिंग हळूहळू खाली आलं आणि त्या तीन छोट्या वाक्यांवर थांबलं. ते वाचताना त्यांचे ओठ हलत होते. वाचून झालं, पुन्हा वाचलं, बोट 'वाट होती' या शब्दांवर ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"हा दुकानात कधी येणार?"

"येत्या शनिवारी," मी म्हटलं.

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि खुंटीवरची टोपी घेतली. "बरं," ते म्हणाले. "मग शनिवारी मी तिथे असेन."